सुई टेकण्याआधी

अगं, सकाळी आरशासमोर उभं राहिलं की एक भुवई जमते आणि दुसरी जमत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. डबे भरायचे असतात, लेकराचा एक मोजा सापडत नसतो, आणि त्यातच पेन्सिल हातात घेऊन डावी-उजवी सारखी करत बसायचं. लोकलमधून उतरेपर्यंत घामानं अर्धी भुवई पुसलेली. मग ऑफिसातली एखादी पर्मनंट भुवया करून येते, तिला त्या छान दिसतात, आणि तुझ्याही मनात येतं की आपण का नको? तेव्हापासून तू रोज रात्री व्हिडिओ बघतेस, आणि जितकं बघतेस तितका गोंधळ वाढतो. एक म्हणते मायक्रोब्लेडिंग कर, दुसरी म्हणते पावडर ब्रोज, तिसरी म्हणते माझ्या नणंदेच्या तर लाल झाल्या.

बस जरा. खरं सांगू का, मी तुला ‘करू नकोस’ म्हणणार नाही. मी स्वतः केल्यात आणि मला आवडतात. पण एक गोष्ट मनात पक्की धर. या कामात जे काही चांगलं-वाईट व्हायचं असतं, त्यातलं बहुतेक सुई टेकण्याआधीच ठरतं. नंतर आपल्या हातात फक्त निगा आणि वाट बघणं उरतं. तेव्हा तुझ्या सगळ्या शंका, सगळा चिकित्सकपणा आधी वापरून घे. कुणी किरकिरी म्हणालं तरी चालेल.

पहिली गोष्ट, मुळात भुवया विरळ का झाल्या ते बघ. कॉलेजात असताना वर्षानुवर्षं बारीक कमानी कोरून घेतल्या असतील, तर काही केस उगवायचेच थांबतात. ते समजण्यासारखं आहे. पण भुवईचं बाहेरचं टोक झडत चाललंय, सोबत थकवा आहे, वजन वाढतंय, पाळी पुढे-मागे होतेय, असं असेल तर आधी थायरॉइड तपासून घे. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठाही बघून घे. मध्येच गोल चट्टा पडून केस गेले असतील तर ती चाई असू शकते. चाळिशीनंतर भुवयांबरोबर कपाळावरची केसांची रेषाही मागे सरकत असेल, तर त्यामागे वेगळाच आजार असतो आणि तो वेळेवर थांबवावा लागतो. भुवईजवळची त्वचा बधिर वाटत असेल तर एक दिवसही थांबू नकोस. या सगळ्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट पुरते. वरून रंग भरला तर आजाराची खूणच झाकली जाते बघ. आणि बाळंतपणानंतर गळलेले केस बहुतेकींचे वर्षभरात परत येतात, त्यामुळे बाळ लहान असेल तर थोडा धीर धर.

आता कुणी थांबायचं ते सांगते. गरोदर असशील किंवा बाळाला पाजत असशील तर आत्ता नको. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, तर निदान सहा महिने जाऊ दे आणि ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना विचारूनच पुढे जा. साखर आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही, म्हणून आधी ती आटोक्यात आण. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते भुवयांसाठी परस्पर बंद करायचं नाही. हे मी दटावून सांगतेय. डॉक्टर म्हणतील तसंच करायचं. केमोथेरपी व्हायची असेल किंवा नुकतीच झाली असेल, तर तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी तारीख सांगितल्याशिवाय सुईजवळ जायचं नाही. केस गेल्यावर स्वतःचा चेहरा परत हवासा वाटतो, ते मला कळतं. पण त्या काळात साधा जंतुसंसर्गही जड जातो गं.

आणि स्वतःच्या त्वचेचा इतिहास आठव. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का? लहानपणच्या लशीचा वण फुगून मोठा झालाय का? तसं असेल तर तुझी त्वचा केलॉइड धरते, आणि भुवईवर ती जोखीम घेऊ नये. घरात किंवा तुला स्वतःला कोड असेल, टिकली लावायच्या जागी कधी पांढरा डाग पडला असेल, सोरायसिस असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचार. कोड किंवा सोरायसिस असलेल्या त्वचेला जिथे इजा होते, तिथे नवा डाग उठू शकतो. केसांच्या कलपानं कधी चेहरा सुजला होता का, दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शननं त्रास झाला होता का, हेही आठवून ठेव. भुवयांवर लावतात त्या नंबिंग क्रीममध्ये बहुधा त्याच जातीचं औषध असतं.

एवढं पार पडलं की मग प्रकार समजून घे. नावं ऐकून घाबरू नकोस, मूळ गोष्ट सोपी आहे. मायक्रोब्लेडिंगमध्ये हातातल्या छोट्या अवजाला बारीक सुयांची ओळ असते. तिनं केसासारख्या रेघा ओढतात आणि त्यात रंग जातो. पावडर ब्रोजमध्ये मशीनची सुई बारीक बारीक ठिपके टाकते, त्यामुळे पेन्सिलीनं किंवा पावडरनं भरल्यासारखी भुवई दिसते. नॅनो ब्रोजमध्ये मशीननंच एका बारीक सुईनं केसासारख्या रेघा काढतात. रेघा आणि ठिपके दोन्ही मिसळून करतात त्याला कॉम्बो म्हणतात.

तुझ्यासाठी कोणता? त्वचेला विचार. दुपारी कपाळ आणि नाक तेलकट होत असेल, रंध्रं मोठी असतील, मुंबई-रत्नागिरीसारख्या दमट हवेत राहत असशील, तर हातानं ओढलेल्या त्या सुंदर रेघा काही महिन्यांत फिसकटतात आणि एकमेकींत मिसळतात. तिथे मशीनचं काम जास्त टिकतं. त्वचा कोरडी किंवा मध्यम असेल, भुवईत मुळात थोडे केस असतील आणि फक्त मधली जागा भरायची असेल, तर रेघा छान दिसतात. भुवईत केसच नसतील तर नुसत्या रेघा कोरड्या, चिकटवल्यासारख्या वाटतात. तेव्हा थोडी सावली भरून घेतलेली बरी.

आता खोलीचं ऐक, कारण सगळं कौशल्य तिथेच आहे. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. रंग त्या थरातच राहिला तर झडून जातो. त्याच्या खालच्या थराच्या वरवरच्या भागात बसला तर टिकतो. त्याहून खोल गेला तर पसरतो आणि राखाडी-निळा दिसायला लागतो. हे अंतर मिलिमीटरच्या छोट्याशा भागाचं आहे. साबुदाणा भिजवताना पाणी कमी पडलं तर दाणा कडक राहतो आणि जास्त झालं तर गोळा होतो, तसंच हे. तो अंदाज हाताला असतो, आणि हात सरावानं तयार होतो. म्हणून दोन-तीन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर बघून भुलू नकोस.

रंगाच्या बाबतीत आजी आठव. तिच्या हातावरचं गोंदण हिरवं-निळं दिसायचं ना? ते टोचलं तेव्हा काजळीसारखं काळं होतं. त्वचेत खोल बसलेला काळा रंग बाहेरून निळसर दिसतो, हा प्रकाशाचा गुण आहे. म्हणूनच ‘माझे केस काळेभोर आहेत, मला काळ्याच भुवया हव्यात’ असा हट्ट धरू नकोस. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला गडद तपकिरी, थोडा उबदार रंग शोभतो आणि वर्षभरानंतरही तो नैसर्गिक दिसतो. उलट बाजूही सांगते. आयर्न ऑक्साइडचे रंग कालांतराने तांबूस पडू शकतात. नणंदेच्या लाल भुवयांचं कारण बहुधा तेच असणार. हे दुरुस्त करता येतं, पण रंगाची जाण असलेल्या हातानंच.

तर ती चांगल्या हाताची बाई शोधायची कशी? तिचे ताजे फोटो बघू नकोस. त्याच दिवशी काढलेल्या फोटोत सगळ्यांच्याच भुवया देखण्या असतात. ‘बऱ्या झालेल्या भुवया दाखव, वर्षभरानंतरच्या दाखव, आणि माझ्यासारख्या त्वचेच्या दाखव’ असं सरळ म्हण. जिच्याकडे काम असेल ती आनंदानं दाखवते. जमलं तर तिच्याकडे करून घेतलेल्या एखादीला उजेडात प्रत्यक्ष बघ.

मग जागा बघ. सुई एकदाच वापरायची आणि तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेली हवी. हातमोजे नवीन, आणि मध्येच फोन घेतला तर ते बदललेले. रंग छोट्या, वापरून फेकायच्या कपात काढलेला. उरलेला परत बाटलीत ओतायचा नाही. रंग पातळ करायला नळाचं पाणी कधीच नाही, त्यातून त्वचेत हट्टी संसर्ग होतात. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरतात, आणि इथे थोडं का होईना रक्त येतं. त्यामुळे ‘ताई, सुई माझ्यासमोर उघडा’ म्हणायला लाजायचं नाही. भाजी घेताना एकेक भेंडी मोडून बघतेस, मग इथे का संकोच?

रंगाच्या बाटलीचाही फोटो काढून ठेव: नाव, बॅच नंबर, मुदत. पुढे काही त्रास झाला तर डॉक्टरांना तोच आधार असतो. अमेरिकेच्या एफडीएनं त्वचेत टोचण्यासाठी आजवर एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या ४,००० हून अधिक रसायनांवर बंधनं घातली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. ‘हर्बल आहे, ऑरगॅनिक आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर समाधान मानू नकोस, म्हणून सांगते. पॅच टेस्ट आवर्जून करून घे. कानामागे रंगाचा आणि नंबिंग क्रीमचा थोडासा अंश लावून निदान दोन दिवस थांबायचं. त्यानं सगळी खात्री मिळत नाही, कारण काही ॲलर्जी फार उशिरा उठतात. पण जी लगेच कळण्यासारखी असते ती तरी कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. भुवया करायच्या दिवशी सुरुवातीला पेन्सिलीनं आणि दोऱ्यानं आकार आखतात. बघ, त्या वेळी तू ताठ बसलेली असायला हवीस, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. चेहरा सैल सोड, कपाळ चढवू नकोस. आकार आखून झाला की उठून खिडकीपाशी जा आणि दिवसाच्या उजेडात बघ. हस, रागव, डोळे मिट. दुसऱ्याला तुझा फोटो काढायला सांग, कारण सेल्फी बऱ्याचदा उलटा दिसतो. डावी-उजवी भुवई तंतोतंत सारखी कुणाचीच नसते, तुझ्या कपाळाचं हाडही दोन्हीकडे थोडं वेगळं आहे. तेव्हा केसभर फरकाची चिंता सोड. पण मनात ‘जरा जाडच वाटतंय’ आलं तर बोल. आवडलं नाही तर पुसून परत काढून घे, तेही नाही आवडलं तर उठून घरी ये. ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे. पेन्सिलीची रेघ आहे तोवर सगळा अधिकार तुझा आहे, आणि समोरची कितीही नावाजलेली असली तरी चेहरा तुझा आहे.

आकार निवडताना फॅशनकडे पाठ फिरव. नव्वदच्या दशकात कमानी धाग्यासारख्या बारीक होत्या, मग जाडजूड आल्या, पुढे आणखी काही येईल. तुझ्या हाडाला धरून, तुझ्या मूळ केसांच्या आसपास राहणारा, थोडा कमीच वाटणारा आकार घे. नंतर भर घालता येते, कमी करणं फार कठीण जातं.

त्रास किती होतो? नंबिंग क्रीममुळे बहुतेकींना खरवडल्यासारखं, टोचल्यासारखं वाटतं, इतकंच. दोनेक तास धर. खरी परीक्षा पुढच्या पंधरा दिवसांत असते, आणि तीही सोसण्यासारखी आहे. पहिले दोन-तीन दिवस भुवया गडद, जाड दिसतात. शेजारच्या काकू विचारतीलच, ‘काय गं, काजळ फासलंस का?’ हसून सोडून दे. पाचव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत बारीक खपल्या निघतात, खाज येते. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही, नाहीतर रंग तिच्याबरोबर निघून येतो आणि मागे वण राहू शकतो. मग एक दिवस आरशात बघशील तर भुवया जवळजवळ गायब! तेव्हा रडायचं नाही, फोन करून भांडायचं नाही. वर नवी त्वचा आलेली असते, म्हणून रंग फिका वाटतो. चौथ्या आठवड्याच्या आसपास तो परत वर येतो. खरा रंग सहा आठवड्यांनी कळतो, आणि म्हणूनच टच-अप सहा ते आठ आठवड्यांनी करतात. तो टच-अप पैशात धरलाय का, हे आधीच लिहून घे.

त्या पहिल्या पंधरा दिवसांत भुवया भिजवायच्या नाहीत, कपाळावर घाम येऊ द्यायचा नाही. जिम, पोहणं, वाफ घेणं, फेशियल, ऊन सगळं बंद. कुकरची वाफ तोंडावर घेऊ नकोस, झाकण दुसऱ्याला उघडायला सांग. डोकं मागे टाकून केस धुवायचे. मलम लावायचं की कोरडं ठेवायचं, ते भुवया करणारीनं दिलेल्या सूचनांप्रमाणे. आणि आई हळद घेऊन आली, सासूबाई खोबरेल तेल घेऊन आल्या, तर दोघींना प्रेमानं नाही म्हण. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, डोळ्यापर्यंत सूज आली तर पार्लरला मेसेज करत बसू नकोस, डॉक्टरकडे जा.

यावरून तारीख कशी काढायची ते आपोआप कळेल. घरात लग्न असेल तर पहिली बैठक, टच-अप आणि त्यानंतरचा भरून यायचा काळ मिळून तीन-चार महिने हाताशी हवेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तासाठी आषाढ-श्रावणातच सुरुवात कर. ओल्या जखमेवर लग्नाची हळद बसली तर काय होईल, विचार कर. दिवाळीचं उटणं आणि रंगपंचमीचा रंगही ताज्या भुवयांना नको.

शेवटी थोडं पुढचं. नाव पर्मनंट असलं तरी रंग साधारण वर्ष ते तीन वर्षांत फिका होतो. काहीवेळा पुसटशी छटा मात्र खूप वर्षं राहते. थोडा फिका झाला की लगेच पुन्हा भर, असं दरवर्षी करत राहिलीस तर रंग साचतो आणि त्वचा वणासारखी होते. म्हणून दोन टच-अपच्या मधे जितकं लांबवता येईल तितकं लांबव. बऱ्या झाल्यावर भुवयांवरही सनस्क्रीन लाव. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिडची क्रीम्स तिथून दूर ठेव, त्यांनी रंग लवकर उतरतो. थ्रेडिंग काही सुटत नाही हं, बाहेर उगवणारे केस काढावेच लागतात. महिनाभर थांबून मग सुरू कर. रक्तदान करत असशील तर साधारण वर्षभर थांबावं लागेल. एमआरआयची वेळ आली तर तंत्रज्ञाला आधी सांग. काही रंगांत लोह असतं, त्यामुळे क्वचित उष्ण वाटतं किंवा चुरचुरतं, पण त्यासाठी तपासणी टाळायची नाही.

आणि नाहीच आवडलं तर? काढता येतं, पण धीर आणि पैसा दोन्ही लागतात. लेझरच्या बऱ्याच बैठका, प्रत्येक दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचं अंतर. शिवाय टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असलेला रंग लेझरनं आधी काळा पडू शकतो. म्हणून ते काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच, डोळ्यांना संरक्षण लावून, आधी छोट्या जागेवर करून बघून. कुणी ॲसिड लावून काढते म्हणाली तर दार बंद कर. पण घाबरून जाऊ नकोस, फसलेल्या बऱ्याच भुवया वेळेनं आणि जाणत्या हातानं सुधारतात.

तू घर चालवतेस, ऑफिस सांभाळतेस, शाळेच्या मीटिंगला वेळेवर पोचतेस. हा निर्णयही तू नीट घेशील, त्याची मला खात्री आहे. फक्त सवलतीच्या शेवटच्या तारखेला भुलून घेऊ नकोस. या आठवड्यात एवढंच कर. एका कागदावर तुझी औषधं आणि त्वचेचे जुने त्रास लिही. दोन-तीन जणींकडे नुसती चौकशीला जा, बऱ्या झालेल्या भुवयांचे फोटो माग. जी तुझ्या प्रश्नांना वैतागेल तिचं नाव खोड. जी न विचारता पॅच टेस्टचं बोलेल तिच्याकडे दोन दिवसांनंतरची तारीख घे. आणि जाताना एखादी स्पष्टवक्ती मैत्रीण बरोबर ने, तुझ्या तोंडावर ‘जाड वाटतंय’ म्हणू शकेल अशी.